विधानांचे चार आकार आणि विरोधाचा चौकोन

‘सर्व साप विषारी आहेत’ हे विधान जो नाकारतो, तो नेमके काय सिद्ध करण्याची जबाबदारी स्वीकारतो, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु पारंपरिक तर्कशास्त्राचा बराच मोठा भाग याच प्रश्नाचे काटेकोर उत्तर शोधताना उभा राहिला आहे. नाकारणाऱ्याला ‘एकही साप विषारी नाही’ असे म्हणायचे नसते. त्याला केवळ ‘काही साप विषारी नाहीत’ एवढेच दाखवायचे असते आणि त्यासाठी एक धामण पुरते. वादात मात्र पुष्कळदा असे घडते की प्रतिपक्षी त्याच्या तोंडी पहिले, अधिक व्यापक विधान घालतो, मग एखादा नाग पुढे करून ते खोडून काढतो आणि त्यामुळे मूळचे ‘सर्व’चे विधान सिद्ध झाले असे मानतो. या गफलतीचे स्वरूप उघड करणारी व्यवस्था ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. 384–322) रचली. विधानांच्या परस्परविरोधाचा विचार त्याने विधानमीमांसेवरील छोट्या ग्रंथात केला, तर विधानांवरून निष्पन्न होणाऱ्या अनुमानांचा विचार ‘प्रायर ॲनालिटिक्स’ या ग्रंथात केला, आणि पुढे त्याच्या तर्कविषयक लेखनाचा जो संग्रह ‘ऑर्गनॉन’ म्हणजे ‘साधन’ या नावाने ओळखला जाऊ लागला, त्यात हे दोन्ही ग्रंथ समाविष्ट झाले.

या व्यवस्थेतील सर्वांत लहान घटक म्हणजे पद. ज्याच्याविषयी काही सांगितले जाते किंवा जे कशाविषयी तरी सांगितले जाते, ते पद होय. म्हणून ‘आणि’, ‘वर’, ‘जर’ हे शब्द असले तरी पदे नव्हेत, आणि उलट ‘सह्याद्रीत आढळणारे बिनविषारी साप’ ही चार शब्दांची रचना असली तरी ते एकच पद आहे. प्रत्येक पद वस्तूंचा एक वर्ग निवडून देते आणि त्या वर्गात बसण्यासाठी वस्तूत कोणते गुण हवेत हेही सूचित करते. पहिल्याला पदाचा विस्तार आणि दुसऱ्याला पदाचा आशय म्हणता येईल. ‘साप’ या पदाकडून ‘विषारी साप’ आणि तेथून ‘नाग’ या पदाकडे गेले की आशय वाढत जातो आणि विस्तार आकुंचित होत जातो. पारंपरिक तर्कशास्त्राचे नियम मुख्यतः विस्ताराशी निगडित आहेत, आणि पदांच्या जागी अक्षरे घालून विधानांचा विचार करण्याची रीत ॲरिस्टॉटलने स्वतःच सुरू केली, ही त्याची कदाचित सर्वांत मोठी देणगी मानावी लागेल. कारण ‘सर्व क हे ख आहेत’ असे लिहिताच विधानाचा विषय बाजूला होतो आणि उरतो तो केवळ त्याचा आकार. सॉक्रेटिसच्या मर्त्यतेचे जे अनुमान पाठ्यपुस्तकांतून ॲरिस्टॉटलच्या नावावर सांगितले जाते ते ‘प्रायर ॲनालिटिक्स’मध्ये नाही. तेथे प्रामुख्याने अक्षरे आहेत.

दोन पदे आणि त्यांना जोडणारा संयोजक मिळून विधान बनते. ज्याविषयी बोलले जाते ते उद्देश्यपद, जे बोलले जाते ते विधेयपद, आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ हा संयोजक. कोणतीही अट न घालता एका वर्गाचा दुसऱ्या वर्गाशी संबंध सांगणाऱ्या अशा विधानाला निरुपाधिक विधान म्हणतात. त्याला गुण आणि परिमाण अशी दोन अंगे असतात: संबंध जोडला आहे की तोडला आहे यावरून विधान होकारात्मक किंवा नकारात्मक ठरते, आणि उद्देश्याच्या संपूर्ण वर्गाविषयी बोलले आहे की त्याच्या काही भागाविषयी, यावरून ते सर्ववाची किंवा अंशवाची ठरते. दोन गुण आणि दोन परिमाणे यांच्या मेळातून चारच आकार निघतात. ‘सर्व साप विषारी आहेत’ हा पहिला, ‘एकही साप विषारी नाही’ हा दुसरा, ‘काही साप विषारी आहेत’ हा तिसरा आणि ‘काही साप विषारी नाहीत’ हा चौथा. मध्ययुगीन युरोपातील अध्यापकांनी त्यांना अनुक्रमे ए, ई, आय आणि ओ अशी स्वरांची नावे दिली. ‘होकार देणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातील पहिले दोन स्वर होकारात्मक विधानांना मिळाले, तर ‘नाकारणे’ या अर्थाच्या क्रियापदातील दोन स्वर नकारात्मक विधानांना मिळाले.

रोजच्या बोलण्यातील वाक्ये या चार साच्यांत आणून बसवणे हे काम दिसते तितके यांत्रिक नाही. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे ‘निदान एक, कदाचित सर्वही’; ‘सर्व नाहीत’ असे त्यात गृहीत धरलेले नसते. मराठीत ‘सगळेच साप विषारी नसतात’ या वाक्यात ‘सगळे’ हा शब्द असूनही ते चौथ्या आकाराचे, म्हणजे अंशवाची नकारात्मक विधान आहे, तर ‘कोणताही साप विषारी नसतो’ हे दुसऱ्या आकाराचे आहे. ‘च’ गाळून ‘सगळे साप विषारी नसतात’ असे म्हटले तर मात्र ऐकणाऱ्याला संदर्भावरूनच ठरवावे लागते. ‘फक्त सभासदांनाच प्रवेश आहे’ या सूचनेवरून सर्व सभासदांना प्रवेश मिळेलच असा निष्कर्ष काढता येत नाही. तिचा तर्कशुद्ध आकार ‘प्रवेश मिळणारे सर्व लोक सभासद आहेत’ असा आहे, म्हणजे उद्देश्य आणि विधेय यांची जागा उलटलेली आहे. अशा रूपांतरात चूक झाली तर पुढचे सर्व नियम बिनचूक पाळूनही निष्कर्ष फसतो.

चार आकारांमागची खरी यंत्रणा पदांच्या व्याप्तीत आहे. विधानात एखाद्या पदाच्या संपूर्ण वर्गाविषयी काही सांगितले जात असेल तर ते पद व्याप्त, अन्यथा अव्याप्त. ‘सर्व नाग विषारी प्राणी आहेत’ या विधानात प्रत्येक नागाविषयी सांगितले आहे, पण प्रत्येक विषारी प्राण्याविषयी नाही, कारण घोणस, फुरसे, मण्यार आणि विंचू यांचा त्यात विचारच केलेला नाही. म्हणून उद्देश्य व्याप्त आणि विधेय अव्याप्त आहे. ‘एकही धामण विषारी प्राणी नाही’ या विधानात दोन्ही वर्ग परस्परांपासून संपूर्णपणे वेगळे काढले जातात, म्हणून दोन्ही पदे व्याप्त आहेत. ‘काही साप विषारी आहेत’ यात दोन्ही अव्याप्त. चौथा आकार विद्यार्थ्यांना नेहमी अडवतो: ‘काही साप विषारी प्राणी नाहीत’ यात उद्देश्य अव्याप्त आहे हे उघड आहे, पण विधेय मात्र व्याप्त मानले जाते, कारण त्या काही सापांना विषारी प्राण्यांच्या वर्गातून बाहेर ठेवायचे तर त्या वर्गाच्या एखाद्या कोपऱ्यातून नव्हे, संपूर्ण वर्गातूनच बाहेर ठेवावे लागते. पीटर गीच या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1962 मध्ये या व्याप्तिसिद्धान्तावर कठोर टीका केली आणि त्याची पायाभूत व्याख्याच डळमळीत असल्याचे दाखवले; तरीही अनुमानाची परीक्षा करण्याचे साधन म्हणून तो उपयोगी पडतो, हे मान्य करायला हरकत नाही.

व्याप्तीचा उपयोग सर्वप्रथम दिसतो तो विधानाच्या परिवर्तनात, म्हणजे उद्देश्य आणि विधेय यांची अदलाबदल करून नवे विधान काढण्यात. मूळ विधानात अव्याप्त असलेले पद निष्कर्षात व्याप्त होता कामा नये, हा एकच नियम येथे पुरतो. ‘एकही धामण विषारी नाही’ यावरून ‘एकही विषारी प्राणी धामण नाही’ हे सरळ निघते आणि ‘काही साप विषारी आहेत’ यावरून ‘काही विषारी प्राणी साप आहेत’ हेही निघते. ‘सर्व नाग विषारी आहेत’ यावरून मात्र ‘सर्व विषारी प्राणी नाग आहेत’ असे म्हणता येत नाही. परिमाण उतरवून ‘काही विषारी प्राणी नाग आहेत’ एवढेच म्हणता येते. चौथ्या आकाराचे परिवर्तन होतच नाही, कारण ‘काही साप नाग नाहीत’ हे सत्य असताना ‘काही नाग साप नाहीत’ हे उघडपणे असत्य आहे. याच्या शेजारी ठेवण्याजोगी दुसरी क्रिया म्हणजे प्रतिवर्तन. तिच्यात विधानाचा गुण बदलतात आणि विधेयाच्या जागी त्याचे पूरक पद ठेवतात, जसे ‘एकही धामण विषारी नाही’ याऐवजी ‘सर्व धामणी बिनविषारी आहेत’. पूरक पद आणि विरुद्धार्थी पद यांत गल्लत होऊ न देणे महत्त्वाचे आहे, कारण ‘श्रीमंत’चे पूरक ‘श्रीमंत नसलेला’ हे आहे, ‘गरीब’ हे नव्हे; या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ माणसे असतात.

हाच भेद विधानांच्या पातळीवर नेला की विरोधाचा प्रसिद्ध चौकोन उभा राहतो. वरच्या दोन कोपऱ्यांवर सर्ववाची विधाने, खालच्या दोन कोपऱ्यांवर अंशवाची, डावीकडे होकारात्मक आणि उजवीकडे नकारात्मक अशी ही मांडणी आहे. ती शिकवण्याची परंपरा बोएथियसच्या (सुमारे 480–524) लॅटिन भाष्यांमधून मध्ययुगात पोहोचली. चौकोनाच्या कर्णांवर व्याघाताचा संबंध असतो: ‘सर्व साप विषारी आहेत’ आणि ‘काही साप विषारी नाहीत’ ही विधाने दोन्ही सत्य असू शकत नाहीत आणि दोन्ही असत्यही असू शकत नाहीत, म्हणून एकाचे सत्यासत्य कळले की दुसऱ्याचे आपोआप कळते. ‘एकही साप विषारी नाही’ आणि ‘काही साप विषारी आहेत’ यांचेही तसेच. वरच्या बाजूवर मात्र वैपरीत्याचा संबंध आहे: ‘सर्व साप विषारी आहेत’ आणि ‘एकही साप विषारी नाही’ ही दोन्ही एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत, पण दोन्ही असत्य असू शकतात, आणि सापांच्या बाबतीत ती तशी आहेतही. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेली गफलत ती हीच. विपरीत विधान खोडून काढले म्हणजे मूळ विधान सिद्ध झाले असे मानणारा वैपरीत्याला व्याघात समजत असतो. खालच्या बाजूवर याच्या उलट स्थिती असते. ‘काही आहेत’ आणि ‘काही नाहीत’ ही उपविपरीत विधाने दोन्ही सत्य असू शकतात, पण दोन्ही असत्य असू शकत नाहीत. उरलेल्या दोन उभ्या बाजू उपाश्रयणाच्या: ‘सर्व’चे विधान सत्य असेल तर त्याच गुणाचे ‘काही’चे विधान सत्य असते आणि ‘काही’चे असत्य असेल तर ‘सर्व’चेही असत्य ठरते, पण ‘काही’च्या सत्यतेवरून ‘सर्व’विषयी काहीच सांगता येत नाही.

दोन विधानांतील एका सामाईक पदाच्या मध्यस्थीने तिसरे विधान काढले की संवाक्य तयार होते. ‘सर्व साप सरपटणारे प्राणी आहेत, सर्व धामणी साप आहेत, म्हणून सर्व धामणी सरपटणारे प्राणी आहेत’ या अनुमानात ‘साप’ हे मध्यपद आहे. निष्कर्षाचे उद्देश्य ‘धामण’ हे पक्षपद आणि विधेय ‘सरपटणारा प्राणी’ हे साध्यपद होय. मध्यपद आधारविधानांत निदान एकदा तरी व्याप्त असले पाहिजे, अन्यथा दोन टोकांची पदे त्याच्या वेगवेगळ्या भागांशी जोडली जाण्याचा धोका असतो. ‘सर्व नाग साप आहेत, सर्व धामणी साप आहेत, म्हणून सर्व धामणी नाग आहेत’ या अनुमानात नेमके तेच घडते. आकाराच्या दृष्टीने अशी 256 संवाक्ये संभवतात आणि पारंपरिक मोजणीप्रमाणे त्यांपैकी 24 युक्त असतात, म्हणजे त्यांची आधारविधाने सत्य असताना निष्कर्ष असत्य असूच शकत नाही. ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’च्या 1787 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कांटने असे म्हटले होते की ॲरिस्टॉटलनंतर तर्कशास्त्राला एक पाऊलही पुढे टाकता आलेले नाही आणि ते जणू पूर्णत्वाला पोहोचले आहे. पुढे शंभर वर्षांच्या आतच या मताला छेद देणारे काम झाले, आणि त्यातला एक मोठा आघात या चौकोनावर झाला.

उद्देश्याचा वर्ग रिकामा असेल तर काय होते, हा तो प्रश्न. ‘या विहिरीतील सर्व साप विषारी आहेत’ असे कोणी म्हटले आणि विहिरीत एकही साप नसला, तर ते विधान सत्य मानावे की असत्य? उपाश्रयणाच्या नियमाप्रमाणे त्यावरून ‘या विहिरीतील काही साप विषारी आहेत’ हे निघायला हवे, म्हणजे विहिरीत निदान एक साप आहे असे ठरेल. परंतु तसा साप तेथे नाही. जॉर्ज बूलने 1847 आणि 1854 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतून वर्गांचे बीजगणित रचले, त्यात रिकाम्या वर्गालाही स्वतःचे स्थान मिळाले, आणि जॉन व्हेन याने 1880 मध्ये मांडलेल्या आकृत्यांत ही दृष्टी डोळ्यांना दिसेल अशी झाली. ऑयलरने एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत वर्तुळे वापरली होती, पण वर्तुळ काढले की त्यात काहीतरी आहे असे तेथे गृहीत धरले जाई. व्हेनच्या पद्धतीत मात्र आधी सर्व संभाव्य कप्पे काढले जातात, जो कप्पा रिकामा असल्याचे विधान सांगते तो रेषांनी भरला जातो, आणि अस्तित्व दाखवण्यासाठी, पुढे रूढ झाल्याप्रमाणे, वेगळी फुली मारली जाते. या वाचनानुसार सर्ववाची विधान केवळ एक कप्पा रिकामा असल्याचे सांगते, अस्तित्वाचा दावा करत नाही. अस्तित्वाचा दावा अंशवाची विधानेच करतात.

या वाचनाला सबळ कारणे आहेत. ‘विनातिकीट प्रवास करणाऱ्या सर्वांना दंड होईल’ हा नियम एकाही प्रवाशाने विनातिकीट प्रवास केला नाही म्हणून खोटा ठरत नाही, उलट तो यशस्वी झाला असे मानले जाते. आणि ज्यावर कोणतेही बल कार्य करत नाही अशा वस्तूंविषयीचा न्यूटनचा पहिला नियम अशी एखादी वस्तू विश्वात सापडण्यावर अवलंबून नाही. मात्र किंमत मोठी आहे. रिकाम्या उद्देश्याबाबत ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ ही दोन्ही विधाने सत्य ठरतात आणि दोन्ही अंशवाची विधाने असत्य, म्हणून वैपरीत्य, उपविपरीतता आणि उपाश्रयण हे तिन्ही संबंध निकालात निघतात, ‘सर्व नाग विषारी आहेत’वरून केलेले मर्यादित परिवर्तनही टिकत नाही, आणि 24 युक्त संवाक्यांपैकी 15 च उरतात. चौकोनाच्या चारही बाजू पुसल्या जातात, फक्त दोन कर्ण राहतात. पी. एफ. स्ट्रॉसन याने 1952 मध्ये यावर वेगळा तोडगा सुचवला: उद्देश्याच्या वर्गात काहीतरी आहे हे विधानाचे पूर्वगृहीत असते, त्याचा भाग नसतो, आणि ते पूर्वगृहीतच खोटे असेल तर विधान सत्य की असत्य हा प्रश्नच उद्भवत नाही. सामान्य बोलण्याच्या रीतीला हे अधिक जवळचे आहे, यात शंका नाही.

भारतीय परंपरेची तुलना येथे उद्बोधक ठरते. न्यायदर्शनातील पंचावयवी अनुमानात प्रतिज्ञा आणि हेतू यांच्यानंतर उदाहरण हा स्वतंत्र अवयव येतो: जेथे धूर तेथे अग्नी हे सांगून थांबायचे नसते, धूर आणि अग्नी एकत्र असलेले स्वयंपाकघर दाखवावे लागते. बौद्ध नैयायिक दिङ्नागाने हेतूला ज्या तीन अटी घातल्या, त्यांतील दुसरी अट अशी की पक्षासारख्या अन्य एखाद्या ठिकाणी तो हेतू प्रत्यक्ष आढळला पाहिजे. ॲरिस्टॉटलच्या रचनेत जे गृहीत म्हणून मुकाट्याने वावरत होते, ते येथे नियमात उघडपणे लिहिलेले दिसते. अर्थात या दोन व्यवस्थांचे प्रयोजन वेगळे आहे. भारतीय नैयायिकाला केवळ आकाराची युक्तता नव्हे, अनुमानातून खरे ज्ञान होणे अपेक्षित असते, म्हणून त्याने अस्तित्वाची हमी मागितली तर ते स्वाभाविकच आहे.

जुना चौकोन वाचवण्याचा आणखी एक मार्ग युरोपातच चौदाव्या शतकात उपलब्ध होता, आणि तोच ॲरिस्टॉटलच्या मूळ मांडणीला अधिक जवळचा आहे असे मानायला आधार आहे. ओकॅमचा विल्यम आणि पॅरिसमधील बुरिदाँ यांच्या मते उद्देश्याने कोणत्याच वस्तूचा निर्देश होत नसेल तर होकारात्मक विधान असत्य असते, मग ते सर्ववाची असो वा अंशवाची, आणि नकारात्मक विधान सत्य असते. अस्तित्वाचा दावा अशा रीतीने परिमाणाकडून गुणाकडे सरकतो. चौथ्या आकाराचे जे वाक्य ॲरिस्टॉटल विधानमीमांसेवरील ग्रंथात वापरतो ते ‘काही क ख नाहीत’ असे नसून ‘प्रत्येक क ख नाही’ अशा धाटणीचे आहे. ‘काही’ने सुरू होणारे रूप रूढ होण्यात बोएथियसच्या लॅटिन ग्रंथांचा वाटा मोठा आहे. ‘विहिरीतील प्रत्येक साप विषारी आहे, असे नाही’ हे विधान रिकाम्या विहिरीबाबतही खरे ठरू शकते, आणि हे वाचन स्वीकारले की चौकोनाचे सहाही संबंध रिकाम्या पदांसह टिकून राहतात. ज्याला शंका असेल त्याने पहिला आणि तिसरा आकार असत्य, दुसरा आणि चौथा सत्य धरून ते एकेक करून तपासावेत.

या मार्गालाही मोल द्यावे लागते, पण ते दुसऱ्या ठिकाणी. ‘विहिरीतील एकही साप विषारी नाही’ हे रिकाम्या विहिरीबाबत सत्य आहे, तर त्याचे प्रतिवर्तन केल्यावर मिळणारे ‘विहिरीतील सर्व साप बिनविषारी आहेत’ हे होकारात्मक असल्यामुळे असत्य ठरते, म्हणून प्रतिवर्तनाचा नियम बिनशर्त राहत नाही. मात्र ॲरिस्टॉटलच्या रचनेत यामुळे काही मोडत नाही, कारण बिनशर्त प्रतिवर्तन त्याने कधी शिकवलेच नव्हते. ‘प्रायर ॲनालिटिक्स’च्या पहिल्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात ‘पांढरे नसणे’ आणि ‘अ-पांढरे असणे’ हे एक नव्हेत, असे तो स्पष्टपणे सांगतो: दुसऱ्यात काहीतरी आहे आणि ते पांढऱ्याव्यतिरिक्त आहे असा होकार असतो, तर पहिले केवळ नकार देते.